नणंद-भावजयीच्या भांडणापलीकडची सुसान

एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीच्या चरित्रात तिच्या भावजयीला, सुसानला, आजवर दोनच भूमिका मिळाल्या. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात ती होती गर्विष्ठ, खर्चिक, मेजवान्यांत रमणारी, जिभेची तिखट आणि नवऱ्याला घराबाहेर सुख शोधायला लावणारी बाई. गेल्या काही वर्षांत पारडे पार फिरले. २०१८ चा ‘वाइल्ड नाइट्स विथ एमिली’ हा चित्रपट आणि २०१९ ते २०२१ या काळात ॲपल टीव्हीवर आलेली ‘डिकिन्सन’ ही मालिका यांनी तिला कवयित्रीची प्रेयसी आणि प्रेरणा म्हणून उभे केले. पहिल्या चित्रात ती एमिलीच्या घराण्याची वैरीण, दुसऱ्यात एमिलीच्या आयुष्याचे गुपित. दोन्हीकडे तिचे मोल एमिलीच्याच मापाने ठरते, आणि दोन्हीकडे तिचा जो दिवसभराचा उद्योग होता तो बाजूलाच राहतो. हा उद्योग म्हणजे ॲमहर्स्टसारख्या छोट्या कॉलेजच्या गावात एक घर, एक बैठक आणि एक वाचणारे वर्तुळ तीस-चाळीस वर्षे चालवणे. ‘सोसायटीतली बाई’ हा शिक्का तिच्यावर कोणी मारला, कधी मारला आणि त्यात त्यांचा काय फायदा होता, हे तपासल्याशिवाय तिच्याविषयी कोणताही निवाडा करणे योग्य नाही, असे माझे म्हणणे आहे. उपलब्ध पुरावा नीट मांडला तर सुसान देवी ठरत नाही. पण तिच्याविरुद्धचा खटला ज्या साक्षींवर उभा आहे, त्या मात्र फारच लंगड्या ठरतात.

सुरुवात घराण्यापासून करावी लागते, कारण तिच्या वागण्याचे बरेचसे मूळ तिथे आहे. सुसान हंटिंग्टन गिल्बर्ट हिचा जन्म १९ डिसेंबर १८३० चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डीअरफील्डचा. एमिलीपेक्षा ती नऊ दिवसांनी धाकटी. वयाचे हे साम्य सोडले तर दोन घरांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. एमिलीचे आजोबा ॲमहर्स्ट कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक. वडील एडवर्ड हे वकील, कॉलेजचे खजिनदार आणि एका मुदतीपुरते अमेरिकन काँग्रेसचे सदस्य. सुसानचे वडील टॉमस गिल्बर्ट मात्र प्रवाशांना खोली, जेवण आणि दारू पुरवणारी खाणावळ चालवत. १८३७ मध्ये आई क्षयाने गेली, १८४१ मध्ये वडील गेले आणि भावंडांत धाकटी असलेली सुसान न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावी मावशीकडे वाढली. पुढे ॲमहर्स्टमध्ये विवाहित बहिणीच्या घरी तिला आसरा मिळाला. ती यूटिकाच्या मुलींच्या शाळेत शिकली आणि १८५१ मध्ये घरच्यांपासून दूर बाल्टिमोरला जाऊन वर्षभर एका खासगी शाळेत मुलींना गणित शिकवू लागली. त्या काळात वीस वर्षांच्या अनाथ मुलीने बहिणीच्या यजमानांच्या उपकारातून थोडे मोकळे होण्यासाठी असे परगावी जाणे हे धाडसच होते. प्रतिष्ठा तिला वारशात मिळाली नव्हती. ती तिला कमवावी लागली. म्हणूनच पुढे ती चांदीची भांडी, पडदे, पाहुण्यांची यादी याबाबत इतकी काटेकोर राहिली, हे कळायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. तरीही चरित्रकार या काटेकोरपणाला ‘हौस’ म्हणत आले. खाणावळवाल्याच्या मुलीची ही हौस नसून सावधगिरी असू शकते, ही शक्यता क्वचितच कोणी विचारात घेतली.

१ जुलै १८५६ रोजी जिनिव्हात मावशीच्या घरी साधेपणाने तिचे एमिलीच्या भावाशी, ऑस्टिन डिकिन्सनशी, लग्न झाले. नवे जोडपे पश्चिमेकडे मिशिगनला, जिथे सुसानचे भाऊ लाकडाच्या धंद्यात स्थिरावले होते तिथे, जाऊ पाहत होते. मुलगा हातचा जाऊ नये म्हणून एडवर्ड यांनी त्याला वकिलीत भागीदार करून घेतले आणि आपल्या ‘होमस्टेड’ या घराच्या शेजारीच ‘एव्हरग्रीन्स’ हे इटालियन वळणाचे नवे घर बांधून दिले. घर सजवायला सुसानच्या भावांनी दिलेली भरघोस रक्कम कामी आली. म्हणजे सासऱ्याची जमीन, माहेरचा पैसा आणि दोन घरांमधली पायवाट अशा तीन गोष्टींवर हा संसार उभा राहिला, आणि गावाच्या दृष्टीने डिकिन्सन घराण्याचा दर्शनी चेहरा होण्याची जबाबदारी सुसानवर आली. कारण सासू आजारी असे, मोठी नणंद एमिली घराबाहेर पडेनाशी झाली आणि धाकटी लव्हिनिया होमस्टेडचा व्याप सांभाळत होती. कॉलेजच्या पदवीदानाच्या दिवसांत खजिनदाराच्या घराण्याकडे पाहुण्यांची रीघ लागे. ऑस्टिनने १८७३ मध्ये वडिलांकडून खजिनदारपद घेतल्यावर ही रीघ त्याच्याही दारी आली. ज्या गावात नाटकगृह नव्हते आणि बाहेरचा विचार व्याख्यात्याच्या किंवा वर्तमानपत्राच्या रूपानेच येई, तिथे अशा घराची बैठक ही एक संस्थाच असते. १८५७ च्या डिसेंबरात राल्फ वाल्डो इमर्सन व्याख्यानाला आले तेव्हा त्यांचा मुक्काम एव्हरग्रीन्सवर होता. ‘स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन’चे संपादक सॅम्युएल बोल्स तर घरचेच झाले होते. हॅरिएट बीचर स्टो, उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड असे लोक या दिवाणखान्यात येऊन गेले. सुसानने उतारवयात ‘ॲनल्स ऑफ द एव्हरग्रीन्स’ या लेखात या सगळ्याची नोंद करून ठेवली, आणि गावाच्या दोन पिढ्यांच्या समाजजीवनावरही तिने लिहिले. बैठक म्हणजे मौजमजा, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. याच बाईने १८८० च्या दशकात सहा वर्षे जवळपास दर रविवारी लॉगटाउन या गरीब वस्तीत जाऊन मुलांसाठी रविवारची शाळा उभी केली. पाहुण्यांसमोर मिरवायचे एवढाच हेतू असता तर त्यासाठी लॉगटाउन ही जागा तिने नक्कीच निवडली नसती.

या बैठकीचा सर्वांत टिकाऊ भाग मात्र पाहुण्यांनी कधी पाहिलाच नाही. तो पायवाटेवरून ये-जा करणाऱ्या चिठ्ठ्यांत होता. एमिलीने सुमारे १,८०० कविता लिहिल्या आणि तिच्या हयातीत त्यांतल्या दहाएकच छापल्या गेल्या. पत्रांतून तिने ज्यांना कविता पाठवल्या त्यांत सुसानचा वाटा सर्वांत मोठा, अडीचशेच्या आसपास. त्या पाठवण्यामागे शेजारधर्म नव्हता, हे १८६१ मधल्या एका देवघेवीवरून स्वच्छ दिसते. शुभ्र अलाबास्टरच्या कोठड्यांत निश्चिंत निजलेल्या मृतांवरची एक कविता एमिलीने सुसानकडे पाठवली. दुसरे कडवे सुसानला पटले नाही. एमिलीने ते बदलून नवे लिहिले आणि पुन्हा पाठवले. सुसानने उत्तर दिले की हेही समाधानकारक नाही. पहिले कडवे स्वतःत पूर्ण आहे, त्याला जोडीदार मिळणे कठीण, आणि ते वाचल्यावर आपल्याला इतके गार वाटते की शेकोटीजवळ जावे लागते. एमिलीने त्यानंतरही आणखी पर्याय लिहून पाहिले. पुढच्या वर्षी १ मार्च १८६२ रोजी ‘रिपब्लिकन’मध्ये ही कविता निनावी छापली गेली तेव्हा तिच्यात एमिलीचे मूळचेच दुसरे कडवे होते. एवढ्या चार-दोन चिठ्ठ्यांत वाचक म्हणून सुसान काय होती हे दिसते: ती वाहवा करत नाही, नेमके कडवे दाखवते, कारण सांगते आणि कवयित्री तिच्या शब्दाखातर पुन्हा बसून लिहिते. एमिलीच्या कवितेवर तिच्या हयातीत इतक्या बारकाईने लेखी प्रतिसाद देणारे दुसरे कोण होते? साहित्यिक टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांच्याशी एमिलीचा पत्रव्यवहार त्यानंतर, १८६२ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला, आणि तिने त्यांच्या सूचना आदराने ऐकल्या तरी कविता बदलल्या नाहीत. पुढे १८८२ च्या सुमारास एमिलीने सुसानला लिहिले की शेक्सपिअर वगळता जिवंत माणसांत तुझ्याइतके ज्ञान मला दुसऱ्या कोणी दिले नाही. १५ मे १८८६ रोजी एमिली वारली आणि तीनच दिवसांनी ‘रिपब्लिकन’मध्ये तिच्यावरचा निनावी मृत्युलेख छापून आला. तोही सुसाननेच लिहिला होता. कवितांचा पहिला संग्रह निघण्याच्या चार वर्षे आधी एमिलीची बुद्धी, तिचा एकांत आणि तिची भाषा यांचा मेळ सार्वजनिकपणे घालणारे ते पहिले गंभीर लेखन आहे.

मग ही बाई खलनायिका कशी झाली? त्याची गोष्ट १८८१ च्या शरद ऋतूत सुरू होते. डेव्हिड टॉड हा तरुण खगोलशास्त्रज्ञ कॉलेजात नोकरीला आला. सोबत त्याची पत्नी मेबल लूमिस टॉड. पंचविशीतली, पियानो वाजवणारी, चित्रे काढणारी, महत्त्वाकांक्षी. गावात या जोडप्याला हात देऊन आत घेणारी, आपल्या बैठकीत बसवणारी सुसानच होती. त्या पहिल्या महिन्यांत मेबलने आई-वडिलांना लिहिलेल्या पत्रांत मिसेस ऑस्टिन डिकिन्सन यांची तारीफ ओसंडून वाहते: किती सुसंस्कृत, किती देखण्या, गावातली खरी सोसायटीची व्यक्ती तर त्याच. १८८२ च्या सप्टेंबरात मेबल आणि तिच्याहून सत्तावीस वर्षांनी मोठा ऑस्टिन यांनी एकमेकांजवळ प्रेमाची कबुली दिली. ११ सप्टेंबरला ऑस्टिनने रोजनिशीत ‘रुबिकॉन’ असा शब्द लिहून ठेवला. त्यानंतर मेबलच्या लेखणीतली सुसान हळूहळू बदलत गेली. तीच बाई, तेच घर, तेच पडदे. पण आता ती काळीकुट्ट, कपटी, नवऱ्याचे आयुष्य नासवणारी झाली. साक्षीदार एकच आणि जबाब दोन, असे कोर्टात घडले तर न्यायाधीश आधी विचारतील की मधल्या काळात साक्षीदाराचा या प्रकरणात काही हितसंबंध निर्माण झाला का. साहित्याच्या इतिहासाने मात्र पहिला जबाब बाजूला ठेवला आणि दुसरा नोंदवून घेतला.

त्या वर्षांत सुसानवर काय गुदरत होते याचा हिशेब कोणी मांडत नाही. तिला तीन मुले: १८६१ चा एडवर्ड ऊर्फ नेड, १८६६ ची मार्था आणि १८७५ चा टॉमस गिल्बर्ट, सगळ्यांचा लाडका गिब. ५ ऑक्टोबर १८८३ रोजी आठ वर्षांचा गिब टायफॉइडने गेला. त्या रात्री एमिली कित्येक वर्षांनी पायवाट ओलांडून एव्हरग्रीन्समध्ये आली, पहाटे परतली आणि स्वतःच आजारी पडली. भाच्याच्या मृत्यूवर तिने सुसानला लिहिलेले पत्र तिच्या सर्वोत्तम गद्यात मोडते. दोन घरांत वर्षानुवर्षे वितुष्ट होते असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण चिठ्ठ्या आणि कविता एमिलीच्या शेवटापर्यंत चालू राहिल्या. गिब गेल्यावर काही महिन्यांतच ऑस्टिन-मेबलचे संबंध पूर्णपणे जुळले, तेही होमस्टेडमध्ये, म्हणजे नणंदांच्या घरी, पायवाटेच्या पलीकडे. पुढे १८९५ मध्ये ऑस्टिनच्या मृत्यूपर्यंत बारा-तेरा वर्षे हे चालू राहिले. गावाला कुणकुण होती, मेबलच्या नवऱ्याला तर सगळे माहीत होते. सुसानने घटस्फोट घेतला नाही, घर सोडले नाही, गावाशी बोलणे बंद केले नाही. तिने काळे कपडे घातले आणि बैठक चालू ठेवली. याला कोणी दांभिकपणा म्हणेल. पण पतीच्या नावावरचे घर, लग्नाच्या वयाची मुलगी आणि सगळी प्रतिष्ठा एका छोट्या गावाच्या मतावर टांगलेली, अशा बाईकडे दुसरा कोणता शहाणा मार्ग होता, हे तरी टीकाकारांनी सांगावे.

सुसानविरुद्धचा सर्वांत सबळ आक्षेप कवितांच्या प्रकाशनाबाबत आहे आणि तो टाळून चालणार नाही. एमिलीच्या मृत्यूनंतर लव्हिनियाला हस्तलिखितांचा ठेवा सापडला. तिने तो आधी सुसानकडेच दिला. सुसानने काही कविता मासिकांकडे पाठवल्या, पण जवळजवळ दोन वर्षांत पुस्तक झाले नाही. लव्हिनियाचा धीर सुटला, तिने कविता परत घेतल्या आणि मेबलकडे दिल्या. मेबलने ते अवघड अक्षर लावले, शेकडो कविता नकलून काढल्या, हिगिन्सनना गळ घातली आणि नोव्हेंबर १८९० मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सकडून संग्रह निघाला. तो हातोहात खपला. १८९१ आणि १८९६ मध्ये आणखी दोन भाग आले. मेबल नसती तर जगाला एमिली कदाचित फार उशिरा कळली असती; हे श्रेय तिचे निर्विवाद आहे आणि सुसानची बाजू मांडताना ते कमी करण्याचे कारण नाही. पण सुसानच्या विलंबाला आळस किंवा मत्सर म्हणणे पुराव्याला धरून नाही. तिच्या मनातल्या पुस्तकाची कल्पना वेगळी होती, आणि ती तिने पत्रांत मांडली आहे. तिला निव्वळ कवितांचा संग्रह नको होता. पत्रे, मिस्कील चिठ्ठ्या, मुलांसाठी लिहिलेले चुटके, सगळे एकत्र यावे असे तिला वाटत होते. हिगिन्सन आणि मेबल यांनी कवितांना शीर्षके दिली, यमके गुळगुळीत केली, विषयवार खण पाडले. एमिलीची पत्रे आणि कविता यांतली सीमारेषा पुसट आहे, तिच्या चिठ्ठ्याही साहित्यच आहेत, असे आजचे अभ्यासक म्हणतात. हे आज नवे वाटते, पण सुसानच्या मनात ते १८९० मध्येच होते. व्यवहारात ती हरली. वाचक म्हणून मात्र तिचा अंदाज अधिक दूरचा ठरला.

हस्तलिखितांवर जे घडले ते तर डोळ्यांनी पाहता येते. एमिलीने १८५८ च्या सुमारास आपल्या घरात एक बहीण आणि कुंपणापलीकडे दुसरी बहीण, अशा आशयाची कविता लिहिली होती. पलीकडची बहीण म्हणजे सुसान. एमिलीने स्वतः शिवलेल्या वहीत ती कविता होती. ती ओळीओळीवर शाई फिरवून खोडून टाकलेली आहे, एखाददुसरा शब्द नव्हे, सगळीच्या सगळी. तरी ती आज आपल्याला वाचता येते, कारण एमिलीने तिची प्रत सुसानला पाठवली होती आणि सुसानने ती जपून ठेवली. एमिलीने तरुणपणी ऑस्टिनला लिहिलेल्या पत्रांतही सुसानचा उल्लेख असलेल्या जागा खरवडून काढल्या आहेत. ही पत्रे ऑस्टिनकडून मेबलकडे आली होती. त्या काळात ती सुसानच्या हाताला लागणेच शक्य नव्हते. १८९४ मध्ये मेबलने एमिलीच्या पत्रांचे दोन खंड काढले. सर्वाधिक पत्रे जिला लिहिली त्या सुसानला लिहिलेले एकही पत्र त्यांत नाही. ऑस्टिन गेल्यावर लव्हिनियाने टॉड दांपत्याच्या नावे एक जमिनीची पट्टी करून दिली, मग फसवणुकीचा दावा लावला आणि १८९८ मध्ये ती खटला जिंकली. चिडलेल्या मेबलने आपल्याकडची हस्तलिखिते पेटीत बंद केली आणि ती तीस वर्षे तशीच राहिली. त्याच वर्षी नेड वारला. सुसान १२ मे १९१३ रोजी गेली आणि पुढच्याच वर्षी मार्थाने आईकडे आलेल्या चिठ्ठ्यांतून ‘द सिंगल हाउंड’ हा संग्रह छापला.

भांडण इथे संपले नाही, ते मुलींकडे वारशाने गेले. मेबलची मुलगी मिलिसेंट टॉड बिंगहॅम हिने १९४५ मध्ये प्रकाशनाची कहाणी आईच्या बाजूने लिहिली आणि पुढे आपल्याकडचे कागद रिचर्ड सुअल यांच्या स्वाधीन केले. सुअल यांचे दोन खंडांचे चरित्र १९७४ मध्ये आले, त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले आणि ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. चरित्र म्हणून ते थोरच आहे. पण त्यातली सुसान मुख्यतः टॉड घराण्याच्या कागदांतून घडलेली आहे: दारुड्या बापाची मुलगी, शरीरसंबंधाला नाखूश पत्नी, बाळंतपणाला घाबरणारी, चढेल. यांतल्या कित्येक गोष्टींचा उगम ऑस्टिनने मेबलला सांगितलेल्या आणि मेबलने मुलीला सांगितलेल्या हकिगतींत आहे. विवाहबाह्य संबंधातला पुरुष आपल्या प्रेयसीला बायकोविषयी जे सांगतो, ते त्या बायकोच्या चारित्र्याचा दाखला कसे मानायचे? बाळंतपणाच्या भीतीचेच घ्या. सुसानची थोरली बहीण मेरी १८५० मध्ये बाळंतपणानंतर लगेचच मरण पावली होती आणि सुसान तिच्या दुःखात बराच काळ काळ्या कपड्यांत वावरली. ती भीती असेल, तर ती त्या काळच्या कोणत्याही शहाण्या बाईला असावी अशीच होती. थंडपणाचा पुरावा म्हणून ती वापरणे हा सरळ अन्याय आहे.

याच्या उलट बाजूलाही सावध राहायला हवे. मार्थाच्या आठवणींत आई इतकी निर्मळ आणि एमिली-आत्या इतकी लाडिक आहे की त्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. हितसंबंध तिचाही होताच. सुसानची जीभ तिखट होती, ती माणसांची पायरी पाहून वागे, मर्जी फिरली की दार लावी, असे सांगणारे टॉड घराण्याबाहेरचेही लोक होते. हे मान्य करूनच तिचे चित्र काढावे. आणि प्रेमाचे काय? एमिलीने १८५० च्या दशकात सुसानला लिहिलेल्या पत्रांतली ओढ कुठल्याही मैत्रीच्या चौकटीत बसवणे अवघड आहे. १९९८ मध्ये एलेन लुईस हार्ट आणि मार्था नेल स्मिथ यांनी ‘ओपन मी केअरफुली’ या ग्रंथात हा पत्रव्यवहार एकत्र आणल्यापासून ती नाकारण्यात अर्थ राहिलेला नाही. पण पडद्यावरची आजची सुसान तेवढीच उरली आहे. तिचा गणिताचा वर्ग, गिबचा पाळणा, लॉगटाउनची मुले, इमर्सनची खोली, न पटलेले दुसरे कडवे, हे सगळे त्या एका नात्याच्या मागे झाकले जाते. जुन्या कथेने तिला नवऱ्याच्या दुःखाचे कारण केले, नव्या कथेने कवयित्रीच्या ओळींचे. स्वतःच्या आयुष्याची कर्ती ती कोणत्याच कथेत नाही.

‘अखेर ती लेखिका नव्हती, तिची एवढी उठाठेव कशाला’, असेही विचारले जाईल. त्याला उत्तर असे की छोट्या गावातल्या बहुतेक बायकांचे कर्तृत्व छापील पुस्तकात नसते. ते पाहुण्यांच्या याद्यांत, उसन्या दिलेल्या पुस्तकांत, मासिकातून कापून ठेवलेल्या कात्रणांत, शेजारणीच्या कवितेवर लिहिलेल्या चार ओळींत आणि जपून ठेवलेल्या चिठ्ठ्यांत असते. एमिलीने प्रकाशनाकडे पाठ फिरवली तरी तिला वाचक हवा होता, आणि तो एका सोसायटीतल्या बाईने पुरवला. ही कामे मोजायची नाहीत असे ठरवले की उरतात फक्त भांडणे, कारण भांडणांचे कागद कोर्टात आणि रोजनिशीत शिल्लक राहतात. आपल्याकडच्या चरित्रांतही थोर माणसाभोवतीच्या बायकांना सोशीक किंवा कजाग अशा दोनच जागा मिळत आल्या, त्यामागे हेच हिशेबातले खाते कोरे राहणे आहे. सुसानच्या बाबतीत दुरुस्ती शक्य आहे, कारण कागद वाचले: एव्हरग्रीन्सकडचे हार्वर्डमध्ये, टॉडांकडचे ॲमहर्स्ट कॉलेजात, आणि २००३ पासून दोन्ही घरे एकाच संग्रहालयाच्या छत्राखाली. अभ्यासकांनी आणि चित्रपट-मालिका लिहिणाऱ्यांनी दोन नियम पाळले तरी पुरे. एक, तिच्याविषयीची प्रत्येक साक्ष १८८२ च्या आधीची की नंतरची हे सांगितल्याशिवाय वापरू नये. दोन, एमिलीच्या कवितांच्या घडणीची चर्चा करताना हिगिन्सन यांचे नाव जिथे येते तिथे सुसानचे नाव त्यांच्या आधी यावे, कारण तारखेने आणि परिणामाने ती त्यांच्या आधी आहे. एवढे झाले तर तिच्यावर उपकार होणार नाहीत. एका मोठ्या कवयित्रीचा पहिला वाचक कोण होता, याची नोंद फक्त दुरुस्त होईल.